‘इंटरस्टेलर’मधले कृष्णविवर वर्गात दाखवताना

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात ‘गार्गांटुआ’ नावाचे कृष्णविवर आहे. त्याचे चित्र देखणे आहे आणि वर्गात दाखवायला सोयीचेही. पण ते कितपत खरे?

आधी श्रेय देऊ. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी दिलेल्या समीकरणांवरून प्रकाशकिरणांचे वाकडे मार्ग संगणकाने काढले. त्यामुळे विवरामागे दडायला हवी ती तप्त वायूची तबकडी विवराच्या वर आणि खाली कमानीसारखी दिसते. हे बरोबर आहे. कृष्णविवर म्हणजे पाण्यातल्या भोवऱ्यासारखे नरसाळे, हा समज त्यामुळे दूर होतो.

खटकते ते पुढचे. ही तबकडी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच उजळ दाखवली आहे. तिच्यातला वायू प्रचंड वेगाने फिरतो. म्हणून आपल्याकडे येणारी बाजू जास्त तेजस्वी आणि दूर जाणारी अंधूक दिसायला हवी. झाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ मध्येच हे गणिताने दाखवले होते. संगणकाच्या उत्तरांवरून त्यांनी हाताने ठिपके देऊन चित्र काढले होते. चित्रपटाच्या चमूलाही हे ठाऊक होते. प्रेक्षक गोंधळतील म्हणून तो परिणाम गाळला, असे त्यांनीच २०१५ च्या शोधनिबंधात नोंदवले आहे.

दुसरी विसंगती कथेतली. एका ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षे. त्यासाठी विवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरायला हवे. पडद्यावरचे चित्र मात्र कमाल मर्यादेच्या ०.६ पट फिरकीवर बेतलेले आहे. म्हणजे कथेतले विवर वेगळे, चित्रातले वेगळे!

आता निरीक्षणाकडे वळू. एप्रिल २०१७ मध्ये ८ रेडिओ दुर्बिणींनी मिळून १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राचा वेध घेतला. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या विवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाली. त्यातले कडे खालच्या बाजूला स्पष्टपणे अधिक उजळ आहे. (नारिंगी रंग मात्र तीव्रता दाखवण्यासाठी दिलेला आहे.) तिथला वायू आपल्याकडे येत असल्याने ती बाजू उजळ दिसते, असा तिचा अर्थ लावला जातो.

चित्रपट जरूर दाखवावा. मात्र ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून विचारावे : एकाच बाजूला उजेड जास्त का? दिग्दर्शकाला अवघड वाटलेला मुद्दा अकरावीच्या विद्यार्थ्याला रेल्वेच्या शिट्टीतल्या डॉप्लर परिणामापासून समजावता येतो.