युद्धपटांतील साधर्म्य

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवतच्या एखाद्या रसिकाने चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) पाहून 'याच जातीचा दुसरा चित्रपट कोणता?' असे विचारले, तर केवळ रणांगणाचे साम्य पाहून उत्तर देणे उचित होणार नाही. 'बॉर्डर' (१९९७) मध्येही मूठभर सैनिक बलाढ्य शत्रूशी झुंजतात. परंतु तेथे वीररस प्रधान आहे. 'हकीकत'चा विषय १९६२ मधील लडाखची माघार होय. त्यातील कारुण्य थंडी, एकाकीपणा व हतबलता यांतून निर्माण होते.

त्याचा खरा आप्त म्हणजे अमृत सागर यांचा '१९७१' (२००७). युद्ध संपून वर्षे लोटली तरी कैदेतच राहिलेल्या सैनिकांना तेथे विजयाचे सांत्वन उरत नाही. कुब्रिक यांचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) याच कुळातील. सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेची किंमत त्यात सामान्य शिपाई देतात. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट (१९४६) युद्धाकडे वैद्याच्या दृष्टीने पाहतो. मात्र त्यात आदर्शवादाचा रंग गडद असल्याने तो शेवटी सुचवावा.

शिफारस करणाऱ्याने प्रथम एवढेच विचारावे : चित्रपट संपल्यावर आपले मन विजयाकडे वळले, की मृतांकडे?