पश्चात्ताप आणि पश्चात्दृष्टी : जिम कॉर्बेटचे शिकारकथन

जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याचे स्मरण सामान्यतः एका सरळ रेषेत केले जाते. नैनितालला जन्मलेला, मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालवाहतुकीचे कंत्राट सांभाळणारा एक शिकारी पुढे बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतो आणि अखेर वनसंरक्षणाचा पुरस्कर्ता होतो, असा तो प्रवास. ही रेषा आकर्षक आहे, कारण तिला हृदयपरिवर्तनाच्या कथेचे परिचित रूप लाभले आहे. प्रश्न असा की, कॉर्बेटच्या संहिता या रेषेला कितपत दुजोरा देतात?

या संदर्भात सर्वप्रथम लक्षात घ्यावयाची बाब म्हणजे घटनाकाल आणि कथनकाल यांतील अंतर. चंपावतची वाघीण मारली गेली १९०७ साली. तिची कथा समाविष्ट असलेले ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले ते १९४४ साली. म्हणजे कथेतला कर्ता बत्तिशीच्या आसपासचा, तर निवेदक सत्तरीकडे झुकलेला आहे. दरम्यान १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले होते आणि त्यामागील प्रयत्नांत कॉर्बेटचा सहभाग होता. संरक्षकाची जाणीव असलेला निवेदक शिकाऱ्याच्या कृतीचे कथन करतो, तेव्हा त्या कृतीला तिच्या काळी नसलेला अर्थ प्राप्त होतो. ज्याला वाचक परिवर्तन समजतो ते पुष्कळदा पश्चात्दृष्टीने केलेले संयोजन असते.

हे संयोजन कसे घडते, हे चंपावतच्या कथेच्या शेवटाकडे पाहिल्यास स्पष्ट होते. या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले होते. रूढ शिकारकथेत जनावर पडले की कथा संपते. कॉर्बेट मात्र मृत देहाची तपासणी करतो. वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळतात. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. रहस्यकथेत गुन्हेगाराचा उलगडा शेवटी व्हावा तसा येथे कारणाचा उलगडा होतो, आणि दोष प्राण्याकडून माणसाकडे सरकतो. नरभक्षक वाघ हा क्रौर्याचा अवतार नसून जखमेचा परिणाम आहे, हे प्रतिपादन शिकारकथेच्या परंपरेला छेद देणारे आहे. परंतु ज्या बंदुकीने ती जखम केली तिचा धनी अनामिक राहतो. दोष शिकारीच्या संस्थेवर येतो खरा, पण निवेदकाची स्वतःची बंदूक त्या संस्थेबाहेर, उपचारकाच्या भूमिकेत उभी केली जाते.

या भूमिकेला तडा देणारी कथा त्याच पुस्तकात आहे. पवलगढचा ‘बॅचलर’ हा वाघ नरभक्षक नव्हता. त्याची कीर्ती होती ती प्रांतातील सर्वांत हवासा वाटणारा शिकारीचा मानबिंदू म्हणून, आणि कॉर्बेटने तो १९३० साली मारला. तोही पहिल्या गोळीने जखमी होऊन निसटला होता. म्हणजे नरभक्षक घडविणारी जखम येथे निवेदकाच्याच हातून घडण्याची शक्यता क्षणभर उभी राहते. त्यानंतर वाघाची लांबी फूट-इंचांत नोंदवून कथा पूर्ण होते. आणि याच ग्रंथाचा समारोप वाघांच्या छायाचित्रणावरील प्रकरणाने होतो. तेव्हा बंदूक आणि कॅमेरा हे एका आयुष्याचे पूर्वार्ध व उत्तरार्ध नसून एकाच ग्रंथात शेजारी नांदणारे दोन व्यवहार आहेत. कॉर्बेटने हा अंतर्विरोध लपविलेला नाही. तो मिटविला आहे त्याच्या स्मरणकर्त्यांनी.

दुसरा प्रश्न या कथांतील पहाडी माणसांचा. कॉर्बेट त्यांना नावे देतो, त्यांच्या धैर्याची मनःपूर्वक नोंद घेतो, आणि या बाबतीत तो बहुसंख्य साहेबी शिकारलेखकांहून निश्चितपणे वेगळा ठरतो. तथापि नरभक्षकांच्या कथांत गाव बहुधा एकाच अवस्थेत दिसते : दारे लावून, भयग्रस्त, त्रात्याची वाट पाहणारे. ही असहायता निसर्गदत्त भासते. परंतु १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास बंदी घातली होती. राखीव जंगलांच्या विस्ताराने चराई व लाकूडफाटा यांवरील रूढ हक्क आकुंचित केले होते. १९२१ साली कुमाऊँमध्ये बेगारीविरुद्ध आंदोलन झाले आणि त्याच वर्षी सरकारी जंगलांना आगी लावण्यात आल्या. रुद्रप्रयागच्या बिबट्याचा कालखंड १९१८ ते १९२६ असा, म्हणजे या असंतोषाच्या अगदी लगतचा. त्या कथनाच्या चौकटीत मात्र भयाचे एकच कारण मावते. ज्या राजवटीने अरण्य आणि गाव यांचे जुने नाते तोडले तिचा इतिहास चौकटीबाहेर राहिल्यामुळेच एकट्या शिकाऱ्याची त्राता म्हणून प्रतिमा उभी राहू शकते.

‘माय इंडिया’ (१९५२) या पुस्तकात ही चौकट थोडी सैल होते. तेथे सावकारी कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला बुधू आहे, मोकामा घाटावरील चमारी आहे. दारिद्र्याला कारणे आहेत. परंतु १९४७ साली बहिणीसह केनियाला गेलेल्या लेखकाने दुरून आठवलेला हा भारत आहे. त्यातील जिव्हाळा अस्सल आहे आणि त्यातील नाते पालकत्वाचे आहे. यांपैकी एक विधान दुसऱ्याला खोटे ठरवीत नाही.

हेली राष्ट्रीय उद्यानाला स्वातंत्र्यानंतर प्रथम रामगंगेचे आणि पुढे कॉर्बेटचे नाव मिळाले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ तेथूनच झाला. राष्ट्राने स्मरणासाठी संरक्षकाची निवड केली, हे स्वाभाविकच होते. समीक्षेला मात्र अशी निवड करण्याची मुभा नाही. पवलगढचा वाघ वगळून वाचलेला कॉर्बेट निर्दोष ठरतो आणि मोडलेले सुळे वगळून वाचलेला कॉर्बेट केवळ वसाहतीचा शिकारी ठरतो. दोन्ही वाचनांत संहितेचा निम्मा भाग गळतो. व्याघ्रसंरक्षणाच्या नावाने आजही अरण्यालगतच्या गावांना स्थलांतराचा प्रश्न भेडसावत असताना, त्या गळलेल्या भागात गाव कुठे होते, हे पाहणे केवळ वाङ्मयीन काम उरत नाही.