रजिस्टर आणि गोणपाट

सणाचा अर्थ कथाकीर्तनात सापडत नाही. त्या दिवशी कोण कुठं उभा होता आणि कुणाच्या वाट्याला कसलं काम आलं, हे विचारलं की सापडतो.

माझी आजी हे शाळेत न जाता जाणत होती. मी 'आपले सण' हा निबंध घरी मोठ्यानं पाठ करायचो. सण म्हणजे आनंद, सण म्हणजे ऐक्य, सण म्हणजे निसर्गाची कृतज्ञता. म्हातारी चुलीपुढनं म्हणाली, "आरं, सन त्यांचा आन् टोपलं आपलं." बेंदूर असो की दिवाळी, गावात पुरणाचा वास सुटला की तिनं टोपलं घेऊन दारोदार पोळी मागायची. तो बलुत्याचा हक्क होता, असं काही विद्वान सांगतात. हक्क कसला? पोळी वरनं टाकली जायची. छप्पनच्या धर्मांतरानंतर आजीनं ते टोपलं चुलीत घातलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं महार वतनंही गेली. निबंधात मात्र टोपलं तेव्हाही नव्हतं आणि आजही नसतं. निबंध लिहिणारा दाराच्या आत बसून लिहितो. बाहेर कोण उभं आहे ते त्याला कसं दिसणार?

आमचं लोणंद पालखीच्या वाटेवरचं गाव. नीरा ओलांडली की माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. एरवी कांद्याच्या बाजाराचं गाव, त्या दिवसांत ओळखू येत नाही. आलेली माणसं कष्टकरी असतात, त्यांच्या पायाचे फोड खरे असतात. त्यांची टिंगल मी करणार नाही. पण वारीत जातच नसते, असं कुणी म्हणालं की मी इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख पुढं करतो. बाई स्वतः वारीत चालल्या. त्यांना वारीचं प्रेम होतं, महाराष्ट्राची ओळखच त्यांना तिथं पटली. आणि त्यांनीच लिहून ठेवलं की ब्राह्मण आणि मराठे एका वाटेनं चालत, जेवायला मात्र वेगळे बसत. ही साक्ष वारीच्या वैऱ्याची नाही, म्हणून मोलाची. पंढरपुरात पोचल्यावर चोखोबाची समाधी कुठं? देवळाच्या बाहेर, महाद्वाराच्या पायरीशी. अस्पृश्यांना देऊळ उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. अभंग आत, चोखा बाहेर. हा त्या सणाचा अर्थ.

इथवर आपण सगळे टाळ्या वाजवतो. आता हीच फूटपट्टी आपल्या दिवसांना लावू.

आपले बहुतेक दिवस पंचांगातनं आलेले नाहीत, तारखेनं आलेत. २० मार्च १९२७, महाडचं तळं. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन. २६ नोव्हेंबर १९४९, संविधानाचा स्वीकार. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता, म्हणून धम्मदीक्षेचा दिवस तेवढा आपण तिथीनंही पाळतो आणि तारखेनंही. पण मूळ फरक लक्षात घ्या. तिथीमागं पुराण असतं. तारखेमागं कागद असतो, म्हणजे ठराव, सही, दाखला. पुराण ऐकायचं असतं, कागद वाचायचा असतो. आणि कागद वाचायचं सोडलं की तारखेचीही तिथी होते. हे माझ्या हातनंच घडलं, ते सांगतो.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरातला क्रमांक १९१४. राज्य सरकार २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. चांगली गोष्ट आहे. राजाचा जन्म नाही, लढाईतला जय नाही, एका महाराच्या पोराचं शाळेत नाव लागलं त्याचा दिवस!

एका शाळेनं मला या दिवशी बोलायला बोलावलं. चहा पिताना एक गुरुजी हळूच म्हणाले, "सर, प्रेरणादायी बोला. जुनं कडू उगाळायला नको." मी मान डोलावली आणि तसंच बोललो. रजिस्टर सांगितलं, गोणपाट गाळलं.

कसलं गोणपाट? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय. वर्गात कोपऱ्यात एकटं बसायचं, तेही घरनं आणलेल्या गोणपाटावर. झाडलोट करणारा नोकरसुद्धा त्याला शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. त्याच सुमाराला, १९०१ मध्ये, हा पोर भाऊ आणि भाच्यांबरोबर नवे कपडे घालून रेल्वेनं मसूरला उतरला. आमच्या लोणंदवरनं पुण्याला जाते तीच ही लाइन. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार. पोरं महाराची आहेत कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं कबूल केलं तरी गाडीवान शेजारी बसेना. पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं, असा सौदा ठरला. डबा जवळ होता, पण वाटेत पाणी कुणी देईना. रात्र उपाशी गेली.

शाळेत नाव लागलं हे खरं. शाळेत जागा मिळाली हे खोटं. पहिलं सांगायचं आणि दुसरं गाळायचं, की दिवसाचा सण झालाच म्हणून समजा.

भाषण संपल्यावर आपल्या वस्तीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, त्यांना शाळेत काही त्रास नव्हता का?" मी म्हणालो, "बाळ, घंटा झाली." गुरुजींवर राग काढायचा हक्क मी तिथंच गमावला. त्यांनी सुचवलं होतं, गाळलं मी.

आणि आपली जयंती? डीजेवर तोंडसुख घेणाऱ्यांत मी नाही. ज्याच्या बापाला गावातनं मान वर करून चालता आलं नाही, तो रस्त्याच्या मधोमध नाचतो, यालाही अर्थ आहे. पण फूटपट्टी लावा. फ्लेक्सवर फोटो कुणाचे? स्टेजवर कोण, भांड्यांपाशी कोण? आणि १५ एप्रिलला पहाटे तो रस्ता झाडायला कोण येतं? आपलाच माणूस. आजीच्या वेळी सण त्यांचा आणि टोपलं आपलं होतं. आता सण आपला झाला, खराटा मात्र ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात आहे. हे ज्या जयंतीत बोललं जात नाही, ती बाबासाहेबांची जयंती नव्हे, नुसती यात्रा.

दोस्तहो, दिवस बंद करा असं मी म्हणत नाही. दिवसाचा कागद वाचा. २६ नोव्हेंबरला उद्देशिका म्हणून झाली की कलम १७ वाचा, आणि मग आपल्या गावची स्मशानाची वाट बघून या. ७ नोव्हेंबरला गोणपाटाची पानं पोरांपुढं मोठ्यानं वाचा. पोरं घाबरत नाहीत, आपणच घाबरतो.

त्या शाळेनं पुन्हा बोलावलं तर मी जाईन. नाही बोलावलं तर विहारात पोरं जमवीन. त्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय.