रंगाचा शेजार

डिझाइनच्या कोर्समध्ये 'कलर थिअरी' सुरू झाली की पहिल्याच तासाला बहुतेक रंगचक्र येतं. मूळ रंग, दुय्यम रंग, समोरासमोरचे पूरक रंग. जोसेफ अल्बर्सच्या 'इंटरॅक्शन ऑफ कलर' (१९६३) या पुस्तकात मात्र ही सगळी मंडळी शेवटाकडे भेटतात. आधी असतात रंगीत कागद, कात्री आणि गोंद. जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये, मग अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये आणि १९५०पासून येल विद्यापीठात शिकवताना जे सापडलं, ते अल्बर्सनं या पुस्तकात मांडलं. आजही जगभरच्या कला-डिझाइनच्या वर्गांत ते वाचलं जातं. ते मोठं का आहे आणि तोकडं कुठे पडतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी सापडतं.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध स्वाध्याय असा: एकाच कागदाचे दोन छोटे तुकडे कापा. ते दोन वेगळ्या रंगांच्या कागदांवर असे ठेवा, की बघणाऱ्याला दोन निरनिराळे रंग वाटतील. हे जमलं की उलट करायचं. दोन वेगळे रंग शेजार बदलून एकच भासवायचे. इथे रंग कालवायला परवानगी नाही, कारण कालवलेला रंग दर वेळी थोडा बदलतो. कागद बदलत नाही. त्यामुळे फरक दिसला, तर तो नक्की शेजाऱ्यानं घडवलेला असतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत, एक सोडून बाकी सगळे व्हेरिएबल गोठवलेले.

ही गोष्ट अल्बर्सनं शोधलेली नाही. फ्रान्समधल्या गोबलँ कारखान्यात रंगाईचं काम बघणाऱ्या शव्रल या रसायनशास्त्रज्ञानं १८३९मध्येच यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. काळा धागा फिका दिसतो ही तक्रार रंगाची नसून शेजारच्या धाग्यांची आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. अल्बर्सनं त्या ज्ञानाचा गृहपाठ केला. नियम पाठ करायचा नाही, आपले डोळे फसतात हे स्वतःच्या हातानं सिद्ध करायचं.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हा गृहपाठ विशेष लागू पडतो. आम्ही रंगाला नावानं नाही, नंबरानं हाक मारतो. ८०८०८० म्हणजे मधला करडा. पण हाच करडा डार्क मोडमध्ये उजळ दिसतो आणि पांढऱ्या पानावर गडद. स्क्रीननं काय दाखवायचं, ते नंबर सांगतो. डोळ्याला काय दिसेल, ते सांगत नाही. आपल्याकडच्या मॅचिंग सेंटरमध्ये हे ज्ञान रोज वापरात असतं. ब्लाउजपीस नुसता पसंत करून कुणी घेत नाही. तो साडीवर ठेवायचा, दाराशी उजेडात न्यायचा, मग ठरवायचं.

अल्बर्सच्या वर्गातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. दोन रंगांपैकी गडद कोणता, असा साधा प्रश्न विचारला की वर्षानुवर्षं ६० टक्के उत्तरं चुकतात, असं तो नोंदवतो. म्हणजे 'हिला रंगाचा सेन्स आहे, याला नाही' या भाषेला इथे फारसा अर्थ उरत नाही. डोळा सगळ्यांचाच फसतो, आणि सरावानं सगळ्यांचाच थोडा सुधारतो. कला म्हणजे उपजत देणगी, असं ऐकत वाढलेल्या कुणालाही याचा केवढा आधार वाटेल!

पुस्तकावर टीकाही झाली. अॅलन ली यांनी १९८१मध्ये 'लिओनार्दो' या नियतकालिकात लिहिलं, की अल्बर्सची रंगमिश्रणाविषयीची काही स्पष्टीकरणं विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाहीत. पण यामुळे वर्ग कोसळत नाही. कोडमधली कॉमेंट चुकीची असली तरी प्रोग्राम चालतो, तसंच हे. कारण काहीही सांगा, तो कागदाचा तुकडा दोन रंगांचा दिसतोच.

मूळ आवृत्ती २,००० प्रतींची होती, सिल्कस्क्रीनवर छापलेल्या १५० नमुन्यांसह. ती परवडणारे थोडेच. पेपरबॅक सगळ्यांपर्यंत पोचलं, पण त्यात रंगीत पानं मोजकीच. २०१३मध्ये आयपॅडसाठी अॅप आलं आणि सगळे स्वाध्याय बोटाखाली आले. सोय मोठी, पण एक गोष्ट निसटली. कागद कापायला वेळ लागतो, म्हणून कापण्याआधी आपण बघत बसतो. अॅपमध्ये रंग सरकवत राहिलं की कधीतरी बरोबर जोडी लागते. उत्तर मिळतं, पण बघणं तेवढं होत नाही.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. रंग शेजारावर ठरतो, असं सांगणारं हे पुस्तक शेजाराची हद्द कागदाच्या कडेशी संपवतं.

१९४६च्या उन्हाळ्यात अल्बर्सनं जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराला ब्लॅक माउंटनला शिकवायला बोलावलं. कॉलेज नॉर्थ कॅरोलिनात, म्हणजे वंशभेदाचे कायदे असलेल्या दक्षिणेत. तिकडे जाताना लॉरेन्स पतीपत्नींना रेल्वेत 'कलर्ड' लोकांच्या डब्यात बसावं लागू नये, म्हणून अल्बर्सनं स्वतंत्र डब्याची सोय केली. तो स्वतः नाझी जर्मनीतून आलेला, पत्नी अॅनी ज्यू घराण्यातली. डब्याच्या पाटीवरचा 'कलर' काय करतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पुस्तकात 'कलर' हा शब्द पानोपानी आहे. ही पाटी नाही.

लॉरेन्सनं काय केलं होतं बघा. त्याआधीच, १९४१मध्ये, त्यानं दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका पूर्ण केली होती. साठही चित्रं त्यानं एकत्र रंगवली. एक रंग घ्यायचा, तो सगळ्या चित्रांत लावायचा, मग पुढचा. त्यामुळे एकाच जातीचा रंग एका चित्रात स्टेशनवरच्या गर्दीत भेटतो, तर दुसऱ्यात रिकाम्या घरात. अल्बर्सच्या स्वाध्यायासारखंच हे, एक रंग आणि शेजार अनेक. फक्त इथे शेजारी माणसं आहेत.

असा रंग चौकोनांत कोंडला की शिकवायला सोपा होतो, हे मान्य. सुरुवात तिथूनच व्हावी. पण डिझाइनचा विद्यार्थी उद्या पोस्टर करणार, पक्षाचा लोगो करणार, क्रीमच्या जाहिरातीत चेहरे किती उजळायचे ते ठरवणार. त्यानं वर्गातून बाहेर पडताना एक जादा स्वाध्याय करावा. निळा आणि भगवा, दोन कागद घ्या. करड्या कागदावर शेजारी ठेवा आणि डोळ्याला काय दिसतं ते लिहा. मग तेच दोन रंग आपल्या गावच्या चौकात, दोन काठ्यांवर लावलेले डोळ्यांसमोर आणा आणि पुन्हा लिहा. दोन्ही उत्तरं समोर ठेवली, की कागदाच्या कडेपाशी काय राहून गेलं ते कळेल.