पत्ता लपवला, बाजू नाही

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलची रेंज गेली. मुरूडच्या आमच्या घरात आजोबांचा सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा बोलत राहिला. वारा किती, होड्या कधीपर्यंत समुद्रात न्यायच्या नाहीत. तो सांगेल ते आम्ही निमूट ऐकलं.

त्याच आवाजाने पुढच्या मिनिटाला राजकीय बातमी दिली, तर तीही तेवढ्याच विश्वासाने ऐकायची का? माझा आकाशवाणीवरचा आक्षेप इथे सुरू होतो. वादळाच्या इशाऱ्यांनी कमावलेला भरवसा सत्तेलाही आयता वापरता येतो.

२६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणी लागू झाल्याचं देशाला आकाशवाणीवरूनच सांगितलं. विरोधी नेत्यांची धरपकड रात्रीच सुरू झाली होती. पुढे रेडिओवर सरकारचीच बाजू ऐकू येत राहिली. या गैरवापरावर १९७७मध्ये जनता सरकारने श्वेतपत्रिका काढली. सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून वर्तमानपत्राला अग्रलेखाची जागा कोरी सोडता येते, वाचकाला ती दिसते. रेडिओवर गाळलेली बातमी मात्र कुणाला कळतही नाही. दुसरं गाणं लागतं आणि आपण पुढे जातो.

मग एकाच पक्षाचा रेडिओ वाईटच म्हणायचा? १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलीस मागावर असल्यामुळे जागा सारख्या बदलाव्या लागत. केंद्राच्या नावातच पक्ष होता. त्यांनी पत्ता लपवला, बाजू लपवली नाही. आष्टी-चिमूरच्या बातम्या दडपल्या जात होत्या, त्या या केंद्राने दिल्या. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते बंद पाडलं.

बाजू जाहीर केली म्हणून पक्षपाताला सगळं माफ होत नाही. पण ऐकणाऱ्याला निदान किती मीठ घालून ऐकायचं ते ठरवता येतं. सरकारी रेडिओ आपण सगळ्यांचे आहोत असं सांगतो, तिथे ही सोय नाही.

ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं. १९९७मध्ये प्रसार भारती आली, स्वायत्ततेचा कायदा लागू झाला. तरीही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे वाहिन्या अनेक, बातमीचा आवाज एकच. दुसरा आवाज नसेल, तर पहिल्याने काय गाळलं ते ताडून कसं पाहायचं?

आजोबांचा ट्रान्झिस्टर अजून चालतो. वादळाचा इशारा आला तर मी आजही त्याचंच ऐकेन. बातम्या लागल्या की मात्र एक कसोटी लावतो: या आवाजाने आपल्या मालकाला न आवडणारी बातमी शेवटची कधी दिली?