तुरिनचं कफन : दोन प्रश्नांची गल्लत

येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असं मानतात, ते तुरिनचं लिननचं कापड आपल्याला ठाऊक आहे. त्यावरच्या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. कापड किती जुनं? आणि त्यावरची आकृती उमटली कशी?

पहिल्याचं उत्तर १९८८ साली मिळालं. ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या प्रयोगशाळांनी कार्बन-१४ पद्धतीने काळ काढला : इ. स. १२६० ते १३९०. आता कागदपत्रं बघा. १३८९ मध्ये फ्रान्समधल्या त्र्वाचा बिशप पिएर दार्सी पोपला कळवतो, की हे रंगवलेलं आहे. आधीच्या बिशपने चौकशी केली तेव्हा चित्रकार सापडला होता. दोन स्वतंत्र साक्षी, काळ जुळणारा!

समर्थक म्हणतात, नमुना एकाच कोपऱ्यातला होता, तिथे दुरुस्ती झाली असावी. रसायनशास्त्रज्ञ रेमंड रॉजर्स यांनी २००५ मध्ये हेच मांडलं. आक्षेप तपासण्याजोगा आहे. पण त्यातून निघतं काय? फार तर, चाचणी पुन्हा करा. कापड पहिल्या शतकातलं ठरत नाही. ‘आकृती कशी उमटली ते कळत नाही, म्हणून ती येशूचीच’ हा तर अज्ञानालाच पुरावा मानणं झालं. आणि उद्या कापड तेवढं जुनं निघालं, तरी ते कोणाच्या देहावर होतं हे कार्बन सांगणार नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये हा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोपवला. ते शहाणपणाचं होतं. श्रद्धा कापडाच्या वयावर टांगली, की तिचं गृहीतक होतं. मग ते खोटं ठरलं तर तक्रार कसली?