तक्त्यातले लोह आणि ताटातले लोह

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले आहे. एका टेबलामागे दोन विद्यार्थी उभे आहेत. त्यांच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'कीटक : उद्याचे अन्न'. खाली आकडे आहेत. दर १०० ग्रॅम मांसात ६ मिलिग्रॅम लोह, तर आफ्रिकेतल्या मोपाने अळीत ३१ ते ७७ मिलिग्रॅम. निष्कर्षही तयार आहे : लहान मुलांना कीटकांची भुकटी खाऊ घाला, रक्तक्षय हटेल. परीक्षक म्हणून आपण त्यांना काय विचाराल?

आकडे खोटे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर जो मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्यातलेच ते आहेत. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान हाउस हे त्याचे प्रमुख लेखक. तेव्हापासून या विषयावरच्या बहुतेक लेखांत आणि भाषणांत याच अहवालाचा आधार घेतला जातो. म्हणून तो नीट तपासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटते. कारण प्रश्न प्रदर्शनातल्या बक्षिसाचा नाही, मुलांच्या रक्ताचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५–१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. (हे सर्वेक्षण बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर होते. २०१६–१८ मध्ये शिरेतून रक्त घेऊन झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १ ते ४ वर्षांच्या मुलांत देशभरचे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास निघाले. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो, हे येथेच लक्षात ठेवू.) कोणताही आकडा घेतला तरी मुलांची संख्या थोडी नाही.

अहवालाचे श्रेय

आधी श्रेय देऊ. कीटक खाणे म्हणजे मागासलेपणा किंवा उपासमारीची लाचारी, हा समज या अहवालाने खोडून काढला. खाल्ल्या जाणाऱ्या १९०० हून अधिक प्रजातींची त्याने नोंद घेतली. आपल्याकडेही गडचिरोलीच्या जंगलात माडिया कुटुंबांत लाल मुंग्यांची चटणी होते. ओडिशातील सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. वर्गात हा विषय निघाला आणि मुले नाक मुरडू लागली, तर ही उदाहरणे शिक्षकांनी जरूर सांगावीत. कोळंबी आणि खेकडे चवीने खाणाऱ्याला नाकतोड्याची किळस का यावी, याचे उत्तर जीवशास्त्रात मिळत नाही, सवयीत मिळते.

पण याच अहवालातले 'जगात सुमारे २ अब्ज लोक कीटक खातात' हे वाक्य पाहा. ते सर्वत्र पसरले. पुढे २०२२ मध्ये व्हान हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच या आकड्याला पुरेसा आधार नसल्याचे मान्य केले. शास्त्रात हा कमीपणा नाही, उलट चांगली रीत आहे. कमीपणा असलाच, तर दुरुस्ती न वाचता जुना आकडा पुढे रेटणाऱ्या आपणा सर्वांचा.

कोरडे की ओले?

आता लोहाकडे वळू. ६ विरुद्ध ३१ ते ७७ ही तुलना कोरड्या वजनाची आहे. गोमांस आणि अळी दोन्ही पूर्ण वाळवून मग मोजले आहे. अहवालात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. लोकप्रिय लेखांत 'कोरडे' हा शब्द गळून पडतो. बाजारातून आणलेल्या ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि ताज्या कीटकांतही बरेच. वाळवलेल्या अळीचा आकडा ताज्या मटणाच्या आकड्याशेजारी मांडला, तर अळीचे पारडे विनाकारण जड होते.

शिवाय मोपाने अळी हे एक टोक आहे. त्याच अहवालात टोळांसाठी ८ ते २० मिलिग्रॅम हा आकडा दिला आहे आणि तो टोळांच्या जातीवर व त्यांनी काय खाल्ले त्यावर अवलंबून असतो, असेही म्हटले आहे. 'कीटकांत लोह भरपूर' हे विधान 'पाल्यात लोह भरपूर' या विधानाइतकेच सैल आहे. पालकाचेच पाहा. आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात सुमारे ११ मिलिग्रॅम लोह दाखवले जाई. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते सुमारे ३ आहे.

मूल किती खाईल?

तक्ता १०० ग्रॅमचा असतो. दोन वर्षांचे मूल कशाचीही १०० ग्रॅम कोरडी भुकटी खात नाही. आपण १० ग्रॅम धरू. टोळांच्या १० ग्रॅम भुकटीतून ०.८ ते २ मिलिग्रॅम लोह मिळेल. आता आपली बाजरी घ्या. २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत ६.४ मिलिग्रॅम लोह असते. लहान मुलाने ३० ग्रॅम पिठाची, म्हणजे साधारण अर्धी भाकरी दिवसभरात खाल्ली, तर त्याला १.९ मिलिग्रॅम मिळते. म्हणजे टोळांच्या भुकटीची उत्तम पुडी आणि अर्धी भाकरी जवळजवळ एकाच पातळीवर आली! १ ते ३ वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडची शिफारस दिवसाला ८ मिलिग्रॅम आहे. दोन्हींपैकी एकट्याने ती भागत नाही. मोपानेची १० ग्रॅम भुकटी ३ ते ७.७ मिलिग्रॅम देईल हे खरे. पण ती अळी आपल्याकडे नाही.

अंगात किती लागेल?

पोटात गेलेले सगळे लोह रक्तात जात नाही. मांसातले बरेच लोह हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बांधलेले असते आणि ते सहज शोषले जाते. बहुतेक कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते. साचलेल्या पाण्याच्या तळाशी सापडणाऱ्या काही चिलटांच्या लालभडक अळ्या हा ठळक अपवाद. तेव्हा 'कीटक हा प्राणिज पदार्थ, म्हणून त्यातले लोह मांसासारखे' हे अनुमान घाईचे आहे. बाजरीची अडचण वेगळी आहे. तिच्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण आणखी घटते, लिंबू पिळले तर सुधारते.

हे प्रत्यक्ष मोजताही येते. बेळगाव येथे सुमारे दोन वर्षांच्या मुलांना बाजरीचे पदार्थ देऊन, लोहाच्या स्थिर समस्थानिकांच्या साहाय्याने शोषण मोजले गेले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम लोह अंगी लागले, तर लोह-जस्त वाढवलेल्या वाणातून ०.६७ मिलिग्रॅम. या वयाच्या मुलाच्या शरीराची खरी गरज साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची असते. तक्त्यातल्या ८ मिलिग्रॅमचा अर्थ येथे उलगडतो. बहुतेक लोह वाया जाणार हे गृहीत धरूनच ती शिफारस केलेली असते.

मुलांवर पडताळा

खरी कसोटी मुलांवरच्या प्रयोगांची. असे प्रयोग अहवालानंतर प्रसिद्ध झाले, म्हणून ते त्यात नाहीत. परंतु आज लिहिणाऱ्यांच्या लेखांत तरी ते असायला हवेत.

काँगोमध्ये सहा महिन्यांच्या बाळांना दीड वर्षाची होईपर्यंत अळ्यांची भुकटी घातलेली लापशी दिली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. लापशीच्या गटात रक्तक्षय २६ टक्के मुलांत, नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ५० टक्के मुलांत. हिमोग्लोबिन १०.७ आणि १०.१. हे यश मोठे आहे. पण खुजेपणा कमी झाला नाही, आणि शरीरातल्या लोहाच्या साठ्यातही दोन गटांत फरक दिसला नाही. मग रक्तातल्या सुधारणेचे सारे श्रेय लोहालाच द्यावे का, हा प्रश्न उरतो.

केनियात वाळवी आणि लहान मासे घातलेल्या पिठाची तुलना, वरून खनिजे व जीवनसत्त्वे मिसळलेल्या मका-सोयाबीनच्या पिठाशी झाली. वाढीत फरक पडला नाही; लोहाच्या बाबतीत वाळवीचे पीठ मागे पडले. कंबोडियात लहान मासे आणि कोळी वापरले. (कोळी कीटक का नव्हे, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.) तेथेही निसर्गातल्या पदार्थांनी एकट्याने बाळांची लोहाची गरज भागवली नाही.

हाच न्याय आपल्या आवडत्या बाजरीलाही लावला पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) १२ ते १६ वर्षांच्या निवासी विद्यार्थ्यांना सहा महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी दिल्यावर लोहाची स्थिती सुधारल्याचे २०१५ मध्ये दिसले. पण मुंबईच्या वस्त्यांतील वर्ष-दीड वर्षाच्या मुलांमध्ये अशाच बाजरीने एकंदर गटात ठळक फरक पडला नाही. लहान मूल थोडे खाते आणि वारंवार आजारी पडते. मोठ्यांचा निष्कर्ष त्याला लावता येत नाही.

बारामती-इंदापुरात काय?

आपल्या दोन तालुक्यांत कीटकांना तोटा नाही. तुतीची लागवड वाढली आहे आणि बारामतीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते. ओल्या कोषाच्या वजनात सुमारे ८० टक्के वाटा आतल्या प्यूपाचा असतो. आसामात एरी रेशमाचा प्यूपा आवडीने खातात, कोरियात तो हातगाडीवर मिळतो. मग आपल्याकडे का नको? कारण येथील संगोपनगृह अन्नासाठी चालवलेले नसते. तेथे चुना आणि निर्जंतुकीकरणाच्या रासायनिक भुकट्या वापरतात. वळवाच्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबांवर जमणारे हुमणीचे भुंगे तर उसाच्या रानातून येतात, आणि त्या रानात कीटकनाशक पडलेले असते. ही भीती पोकळ नाही. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातून आलेले वाळवलेले नाकतोडे खाणाऱ्या कॅलिफोर्नियातील मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे सापडले होते. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकांचीही होऊ शकते, हेही सांगायला हवे.

आणि आई-बापांचे काय? २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडी देण्याचे ठरले, तर त्यावरही वाद झाले. ज्या घरात अंडे चालत नाही, तेथे प्यूपाची भुकटी चालेल असे मानणे म्हणजे कागदावर भात शिजवणे.

उलट जे हाताशी आहे ते पाहा. जिरायत भागात बाजरी आहे. 'धनशक्ती' हा लोह अधिक असलेला वाण महाराष्ट्रात २०१२ मध्येच प्रसारित झाला. ज्यांना चालते त्यांना अंडी आहेत, उजनीचे मासे आहेत. आणि राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप द्यायचे असते. त्या एका मात्रेत २० मिलिग्रॅम लोह असते. टोळांच्या भुकटीच्या भाषेत सांगायचे तर १०० ते २५० ग्रॅम. ही बाटली गावातल्या मुलापर्यंत पोचते का, आणि पोचली तर तोंडात जाते का, ही चौकशी कोणत्याही नव्या अन्नाच्या शोधाआधी व्हायला हवी.

म्हणून त्या दोन विद्यार्थ्यांना नापास करू नका. त्यांच्या तक्त्याला चार रकाने जोडायला सांगा : वजन कोरडे की ओले, मूल एका दिवसात किती खाईल, त्यातले किती शोषले जाईल, आणि मुलांवर पाहिले तेव्हा काय घडले. पहिल्या ओळीत टोळ, दुसरीत बाजरी, तिसरीत अंडे, चौथीत सिरप. रकाने भरताना काही जागा रिकाम्या राहतील. त्या तशाच रिकाम्या ठेवून प्रदर्शनात मांडाव्यात.